कॉम्पॅक्ट की सुपरझूम: वादाचं मूळ सेन्सरमध्ये

लहान, सुटसुटीत कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा की दूरचं खूप जवळ आणणारा सुपरझूम, हा हौशी छायाचित्रकारांचा वाद २००० सालाइतका जुना आहे. त्या वर्षी कॅननचा पॉवरशॉट जी१ आला. मॅन्युअल कंट्रोल भरपूर, झूम मात्र ३ पट. त्याच वर्षी ऑलिंपसच्या सी-२१०० अल्ट्रा झूमने १० पट झूम दिला, शिवाय हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणाही. २००२ मध्ये पॅनासोनिकच्या एफझेड१ ने कमालच केली: ३५ ते ४२० मिमीचा पल्ला (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ) आणि शेवटपर्यंत एफ/२.८ (हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). फिल्म कॅमेऱ्याला असा पल्ला आणि एवढा प्रकाश देणारी लेन्स उचलतानाच दमछाक व्हायची. इथे ती मुठीत मावली, कारण सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप, नखापेक्षाही लहान होता.

पुढे सुपरझूमवाल्यांनी लहान सेन्सरची हीच सवलत ताणत नेली. २०१२ मध्ये कॅननचा एसएक्स५० ५० पटींवर पोचला, २०१५ मध्ये निकॉनचा पी९०० ८३ पटींवर, तर २०१८ मध्ये पी१००० थेट १२५ पटींवर. पी१००० चा पल्ला ३०००मिमीपर्यंत, पण हा आकडा ३५मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने. लेन्सची खरी फोकल लेंथ ५३९मिमी. त्यात पौर्णिमेचा चंद्र चौकट वरपासून खालपर्यंत भरून टाकतो. पण त्या टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/८ वर येतं, आणि एवढ्याशा सेन्सरवर विवर्तनामुळे (छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील विरघळतात. संध्याकाळी झाडीतला पक्षी टिपायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावाच लागतो आणि पिसांचा लगदा होतो.

कॉम्पॅक्टवाल्यांना शहाणपण आधी सुचलं. कॅननने २००८ च्या जी१० मध्ये लहानशा सेन्सरवर १४.७ मेगापिक्सेल कोंबले होते. पुढच्याच वर्षी जी११ मध्ये ते १० वर आणले. मेगापिक्सेलच्या शर्यतीतली ही माघार मला फार धाडसाची वाटते.

खरी कलाटणी दिली २०१२ च्या सोनी आरएक्स१०० ने. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात १३.२ × ८.८ मिमीचा सेन्सर, म्हणजे सुपरझूमच्या नेहमीच्या सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ. मग हाच सेन्सर सोनीच्याच मोठ्या झूमवाल्या आरएक्स१० मध्ये गेला. २०१६ पर्यंत त्याचा पल्ला ६०० मिमी झाला, वजन मात्र किलोच्या वर. २०१८ मध्ये आरएक्स१०० च्या सहाव्या आवृत्तीने खिशातच २०० मिमी आणलं, पण एफ/१.८ सोडून एफ/२.८ पत्करलं. प्रकाश निम्म्याहून कमी. भर उन्हात प्रवासाला निघणाऱ्याला हा सौदा परवडतो; घरात, दिव्याच्या उजेडात माणसं टिपणाऱ्याने मात्र पाचवी आवृत्तीच घ्यावी.