पान्हा आणि पाठीमागची उशी

भाची सिझेरियन होऊन पाचव्या दिवशी घरी आली तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ताईच्या घरात सगळी तयारी होती. डिंकाचे लाडू झाले होते, शेजारच्या बेननी काटलुं, म्हणजे बाळंतिणीसाठीचं गुजराती पौष्टिक, आणून दिलं होतं, बाळासाठी घोडियुं, म्हणजे पाळणा, टांगलं होतं. पाजायला कसं बसायचं, एवढंच काय ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती खाटेच्या कडेवर पाय खाली सोडून बसायची आणि टाक्यांवर ताण घेत बाळाच्या तोंडापर्यंत वाकायची. दोन दिवसांत बोंडाला चिरा पडल्या. बाळानं तोंड लावलं की हिचे दात ओठांवर. “दूधच पुरत नाही हिला,” असा निकाल लागला आणि ताईनं पावडरीचा डबा आणायला माणूस धाडला.

दूध होतं, ते उतरत नव्हतं. हा फरक दाखवणारा नेमका शब्द मराठीत आहे: पान्हा.

प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक दूध बनवायला लावतं. पण बनलेलं दूध बारीक पिशव्यांमध्ये साठून राहतं. त्या पिशव्यांभोवती स्नायूपेशींची जाळी असते. बाळ चोखू लागलं, कधी नुसतं रडलं तरी, आईच्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटतं, ही जाळी आवळली जाते आणि दूध नलिकांत ढकललं जातं. हाच पान्हा फुटणं. दुखणं, धास्ती, दारात उभी असलेली माणसं यांनी तो अडतो. अनोळखी हात लागला की म्हैस पान्हा चोरते, हे गवळ्याला सांगावं लागत नाही. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र आपण ते सोयीस्कर विसरतो. वर आणखी एक गोम आहे. साठलेलं दूध निघालं नाही, तर नवं बनण्याचा वेग कमी होतो. म्हणजे दुखतं म्हणून उतरत नाही आणि उतरत नाही म्हणून पुढे खरंच कमी होतं.

मग दुखतं का? जिभेचं टोक टाळूला लावून मागे न्या. पुढचा भाग कडक लागेल, मागचा मऊ. बोंड बाळाच्या तोंडात जवळजवळ त्या सांध्यापर्यंत पोचायला हवं. ते पुढेच राहिलं, तर जीभ आणि कडक टाळू यांच्यात चिरडलं जातं. आई वाकून पाजते तेव्हा स्तन वरून लोंबतो, बाळाच्या तोंडात जेमतेम टोक येतं, आणि पाठ दुखून ती जरा सरळ झाली की तेही निसटतं.

दूध बाहेर कसं येतं याबद्दलची समजूतही अलीकडेच बदलली. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदानं 1840 साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत मेण भरून त्यानं चित्रं काढवली होती. बोंडामागे दुधाच्या छोट्या कोठ्या असतात आणि बाळ त्या दाबून रिकाम्या करतं, असं त्यानंतर दीडशे वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तर त्या कोठ्या दिसल्याच नाहीत. दिसल्या त्या अरुंद, फाटे फुटलेल्या नलिका. 2008 मध्ये त्याच गटानं दाखवलं की बाळाची जीभ खाली जाते, तोंडातली निर्वात ओढ वाढते, तेव्हा दूध वाहतं. ही ओढ टिकायची तर ओठांची कड हवाबंद हवी. पिताना चटचट असा आवाज येत असेल, तर कडेनं हवा शिरते आहे.

पकड बरोबर आहे का, याच्या जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या चार खुणा अगदी साध्या आहेत: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग ओठाच्या खाली कमी, वर जास्त दिसणारा.

हे जमवताना घरोघरी एक चूक होते: बाळाचं डोकं मागून धरून पुढे दाबणं. स्वतः करून पाहा. हनुवटी छातीला टेकवून घोटभर पाणी प्या. मग मान खांद्याकडे वळवून प्या. बाळालाही तसंच अवघड जातं. त्याचं डोकं, पाठ, ढुंगण एका रेषेत आणि पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. हात मानेखाली असावा, डोक्यावर नको. सुरुवातीला बोंड नाकासमोर ठेवलं की बाळ आपसूक डोकं किंचित मागे टाकून आ करतं. त्या क्षणी बाळाला जवळ ओढायचं. आपण वाकायचं नाही.

भाचीच्या पाठीमागे आम्ही दोन लोड आणि एक उशी लावली. रेलून बसल्यावर तिचे खांदे सैल झाले, ते मला बाळाच्या तोंडाआधी दिसलं. ब्रिटनमधल्या सुझॅन कोल्सन यांनी 2008 मध्ये चाळीस मायलेकरांचं निरीक्षण करून नवजात बाळाच्या वीस उपजत हालचाली नोंदवल्या: तोंडानं शोधणं, डोकं वरखाली करणं, पायांनी रेटणं. आई रेललेली असली की या हालचाली कामी येतात, कारण बाळाचं वजनच त्याला तिच्याशी चिकटवून ठेवतं. आई ताठ बसली, तर तेच वजन बाळाला खाली ओढतं आणि तिच्या मनगटाला कळ लागते. आमची आई झोपाळ्यावर पाय वर घेऊन, कडीला टेकून पाजायची. तिला कोल्सनबाई ठाऊक नव्हत्या.

पण रेलल्यावर बाळ नेमकं टाक्यांवर येऊ लागलं. तेव्हा त्याला आडवं न घेता बाजूला घेतलं: धड आईच्या काखेखाली, पाय मागे, डोकं तळहाताच्या आधारावर. दवाखान्यांत याला फुटबॉल होल्ड म्हणतात. आमच्याकडे फुटबॉल कुणी खेळत नाही. काखेत कळसा म्हणा हवं तर, गावभर डबा शोधून झालाच होता.

रात्री तिनं कुशीवर झोपून पाजायचं म्हटलं, तर शेजारून इशारा आला, “कान वाहील हं!” बाळाच्या कानापासून घशापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते हे खरं. उताणं झोपवून तोंडात बाटली दिली, तर दूध तिकडे जाऊ शकतं. कुशीवर, आईकडे तोंड करून पिणारं बाळ उताणं नसतं, आणि अंगावर पिणाऱ्या मुलांना कानाचे संसर्ग उलट कमी होतात. भीती बाळगायची तर सोफ्याची बाळगा. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डोळा लागला, तर बाळ फटीत सरकून गुदमरू शकतं.

आठवडाभरानं चिरा भरत आल्या. चोवीस तासांत दहा-बारा वेळा पाजणं आणि सहाहून जास्त ओली लंगोटं, एवढा हिशेब ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची. पकड सुधारूनही दुखत राहिलं असतं किंवा वजन वाढलं नसतं, तर बाळाची जीभ खाली बांधलेली आहे का हे डॉक्टरांना दाखवायचं आम्ही ठरवलं होतं. ती वेळ आली नाही. डबा फळीवर न उघडलेला राहिला. बाळ सुरुवातीला मुठी घट्ट आवळून प्यायचं. पोट भरत आलं की बोटं एकेक करून सुटायची, आणि मग ते आपणहून तोंड काढून घ्यायचं.