सीकेडीयू : कारण न सापडलेला किडनीचा आजार

किडनीचा जुनाट आजार म्हटला की डोळ्यासमोर शुगर आणि बीपी येतात, आणि ते बरोबरच आहे, जगभर बहुतेक पेशंट याच दोन वाटांनी येतात. पण साधारण 1990 च्या दशकापासून काही ठराविक उष्ण, शेतीच्या पट्ट्यांत वेगळेच पेशंट दिसायला लागले. यांना शुगर नाही, बीपी नाही (असलाच तर थोडाफार, तोही बहुधा किडनी बिघडल्यानंतर वाढलेला), लघवीतून प्रोटीनही फारसं जात नाही, आणि तरी ऐन तिशी-चाळिशीत किडन्या निकामी. या प्रकाराला सीकेडीयू (क्रॉनिक किडनी डिसीज ऑफ अननोन इटिऑलॉजी) म्हणतात. मध्य अमेरिकेत मेसोअमेरिकन नेफ्रोपथी हे नाव जास्त चालतं. तिथला आणि इतर ठिकाणचा आजार एकच आहे का, यावर एकमत नाही, पण बायोप्सीतलं चित्र बरंचसं जुळतं: गाळण्यांपेक्षा त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या आणि मधला भाग आधी खराब होतो.

कुठे आढळतो

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिकाचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा सखल भाग हा सगळ्यात चर्चेतला. 2002 मध्ये एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी त्यावर लेख छापला तेव्हा बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. निकाराग्वातलं चिचिगाल्पा हे ऊसतोड मजुरांचं गाव तर या आजाराची ओळखच बनलंय. श्रीलंकेत उत्तर-मध्य प्रांत, म्हणजे अनुराधपुरा-पोलोन्नारुवाकडचा कोरडा, तळ्यांच्या पाण्यावर भात पिकवणारा भाग. भारतात आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम, नारळ-काजूच्या बागांचा किनारी पट्टा. तिथल्या पेशंटना डायलिसिससाठी विशाखापट्टणम गाठावं लागायचं, पुढे डिसेंबर 2023 मध्ये पलासा इथे किडनी संशोधन केंद्र आणि 200 खाटांचं हॉस्पिटल सुरू झालं. छत्तीसगडमधलं सुपेबेडा, ओडिशातलं नरसिंहपूर आणि आपल्या गोव्यातला काणकोण तालुका यांचीही नावं यादीत येतात, मात्र त्यांच्यावर लिखाण फार थोडं आहे.

कारणाचा वाद

इथे दोन मोठे गट आहेत. पहिला म्हणतो उन्हातलं कष्टाचं काम आणि पाणी कमी पडणं. जाळलेला ऊस तोडणारा मजूर तासन्‌तास उन्हात वाकून कोयता चालवतो, घामावाटे लिटर-लिटर पाणी जातं, आणि एकाच हंगामात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की साठत जाणारा टाकाऊ पदार्थ) वर चढलेलं दिसतं. हलकं काम करणाऱ्यांत ही वाढ कमी असते. शिवाय ऊस समुद्रसपाटीला आणि कॉफी डोंगरावर, आणि आजारही खाली जास्त, वर कमी. हे कसं होत असावं याची प्रयोगशाळेतली मांडणीही आहे: 2014 च्या उंदरांवरच्या प्रयोगात उष्णतेने पुन्हापुन्हा पाणी कमी केल्यावर किडनीच्या नळ्यांमध्येच फ्रुक्टोज ही साखर तयार होऊन ते जळताना नळ्यांना इजा झाली, आणि ज्या उंदरांत फ्रुक्टोज जाळणारं एन्झाइम नव्हतं ते बऱ्यापैकी वाचले. नंतरच्या एका प्रयोगात तहान भागवायला साध्या पाण्याऐवजी साखरेचं पेय दिलं तर नुकसान वाढलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरं, पण उन्हात कोल्ड्रिंकवर तहान भागवणाऱ्या मजुराच्या बाबतीत हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

दुसरा गट विषाकडे बोट दाखवतो. श्रीलंकेत कॅडमियम, आर्सेनिक, फ्लोराइड, जड (क्षार जास्त असलेलं) पाणी असं एकेक नाव पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने झालेला अभ्यास 2013 मध्ये छापून आला, त्यात कॅडमियमवर भर होता. 2014 मध्ये जड पाणी आणि ग्लायफोसेट तणनाशक मिळून किडनीला मारतात अशी मांडणी झाली, 2015 मध्ये सरकारने ग्लायफोसेटवर बंदी घातली आणि 2018 मध्ये चहा-रबरासाठी ती उठवली. मांडणी गाजली खूप, पण पेशंटच्या शरीरातून मिळणारा पुरावा त्यामानाने कच्चा आहे. 2019-20 च्या सुमारास काही बायोप्सींत नळ्यांच्या पेशींमधले लायसोसोम (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्या) विचित्र फुगलेले दिसले आणि विषाच्या बाजूला परत जोर आला, त्यावरही वाद चालूच आहे.

विषवाल्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे, की तेवढंच ऊन असलेले सगळेच भाग या आजाराचे नाहीत. त्यामुळे आता बरेच अभ्यासक ऊन आणि मेहनत हा पाया धरून त्यावर पाणी, औषधफवारणी, पेनकिलर, लहानपणचं कुपोषण असं स्थानिक काहीतरी भर घालतं असं मानतात. हातातल्या पुराव्याशी हेच जास्त जुळतं.

या वादात आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागाचं उदाहरण लक्षात ठेवायला हवं. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांतला किडनीचा आजार 1950 च्या दशकात नोंदला गेला, आणि जड धातूंपासून बुरशीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. गव्हात उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकिया या तणाचं बी पिठात जातं ही कल्पना 1969 मध्येच मांडली गेली होती, पण तिला पेशंटच्या डीएनएमधला भक्कम पुरावा मिळायला 2007 उजाडलं. मधल्या काळात 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांतून याच कुळातली वनस्पती पोटात गेलेल्या बायकांच्या किडन्या गेल्या, 1993 मध्ये ते छापून आलं आणि धागा जुळला. आपल्याकडची ईश्वरीही याच कुळातली, तेव्हा झाडपाल्याचं औषध घेणाऱ्याने हे माहीत करून घ्यावंच.

निदान आणि उपचार

गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला तर जुनाट आजार धरतात आणि 15 च्या खाली गेला की शेवटची पायरी. अडचण अशी की किडनीची निम्मी ताकद गेली तरी क्रिएटिनिन नॉर्मलच्या आसपास दिसू शकतं, आणि या आजारात लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पट्टीही फारसं काही सांगत नाही. पाय सुजेपर्यंत, अन्न नकोसं होईपर्यंत माणूस कामावर जात राहतो. म्हणून अशा भागात सगळ्यांचीच रक्ततपासणी लागते, फक्त शुगर-बीपीवाल्यांची करून भागत नाही.

आजार उलटवणारं औषध नाही. बीपी ताब्यात ठेवणं, अंगदुखीसाठी रोजची डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर बंद करणं, उन्हातलं काम कमी करणं हेच हातात असतं. पुढे हिमोडायलिसिस, आठवड्यातून तीनदा, दरवेळी चारेक तास. त्यासाठी हातातली शीर धमनीला जोडून फिस्टुला करतात, बोट ठेवलं की तिथे सतत थरथर लागते, आणि त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही की रक्त काढायचं नाही. फिस्टुला वापरण्याजोगा तयार व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे डॉक्टर आधीपासून मागे लागतात त्यांचं ऐकावं. ट्रान्सप्लांट हा दुसरा मार्ग. पण सीकेडीयूत किडनी द्यायला पुढे येणारा भाऊ त्याच गावात, त्याच शेतात राबलेला असतो, म्हणून दात्याची तपासणी जास्तच बारकाईने करावी लागते.

प्रतिबंधात मध्य अमेरिकेतला पाणी, विश्रांती आणि सावली हा कार्यक्रम सगळ्यात पुढे आहे. फडाजवळ सावलीचे तंबू, ठरलेल्या वेळी सक्तीची सुट्टी आणि मजुरापर्यंत पोचवलेलं पाणी, एवढ्याने हंगामातली किडनीची इजा कमी झाल्याचं निकाराग्वात दिसलंय. आपल्याकडे बीडकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयत्यांच्या टोळ्या निघतात, त्यांचं कामही याच जातीचं. हंगाम सुरू होताना आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एकेक क्रिएटिनिन तपासायला खर्च फार येत नाही, ते कारखान्यांनी आणि आरोग्य खात्याने करायलाच हवं.