प्रोबायोटिक आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : आशा आली कुठून?

प्रोबायोटिक म्हणजे प्रकृतीला उपकारक मानले जाणारे जिवंत जिवाणू. आंबवलेल्या दुधातले जिवाणू असे उपकारक असतात, हा विचार शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पॅरिसमध्ये मांडला होता. अ‍ॅलर्जीशी त्याची सांगड मात्र खूप उशिरा बसली. १९८९ मध्ये ब्रिटनचे संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांना असं आढळलं, की मोठ्या कुटुंबांतल्या, विशेषतः थोरली भावंडं असलेल्या मुलांना गवतताप (परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे होणारी सर्दी-शिंका) कमी होतो. लहानपणी जंतूंशी संबंध कमी आला की प्रतिकारशक्तीचं वळण बिघडतं, ही कल्पना तिथून रुजली. मग जिवाणू देऊनच ते वळण सुधारता येईल का, हा प्रश्न पुढे आला.

२००१ मध्ये फिनलंडमधल्या चाचणीचे आकडे आले. घरात अ‍ॅलर्जी असलेल्या गरोदर स्त्रियांना आणि पुढे बाळांना ‘एलजीजी’ (लॅक्टोबॅसिलस जातीचा एक प्रोबायोटिक) हा जिवाणू दिला, तेव्हा दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आलं. पण हे इसबाबद्दल होतं, अन्नाच्या अ‍ॅलर्जीबद्दल नव्हे. शिवाय जर्मनीतल्या तशाच चाचणीत २००८ मध्ये फायदा दिसलाच नाही.

खरी खळबळ मेलबर्नहून उडाली. तिथल्या संशोधक मिमी टँग यांच्या गटाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६२ मुलांवर चाचणी केली. अर्ध्या मुलांना १८ महिने रोज जिवाणूंची पूड आणि जोडीला शेंगदाण्याचं प्रथिन, अगदी कणभरापासून वाढवत नेत. बाकीच्यांना नुसतं दिखाऊ औषध. २०१५ मध्ये निकाल लागला : पहिल्या गटात सुमारे ८२ टक्के मुलांना उपचार थांबवल्यावर काही आठवड्यांनीही शेंगदाणा सोसला, दुसऱ्यात जेमतेम ४ टक्क्यांना. वाचून कुणीही हुरळून जावं असे आकडे. पण श्रेय कुणाचं, जिवाणूंचं की शेंगदाण्याचं? नुसता शेंगदाणा दिलेला गट चाचणीत नव्हताच. माझ्या मते सगळी गोम तिथेच होती.

ही उणीव त्याच गटाने पुढे भरून काढली, हे त्यांचं मोठेपण. २०२२ च्या चाचणीत २०१ मुलं होती. शेंगदाणा आणि जिवाणू दोन्ही घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के, नुसता शेंगदाणा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के मुलांना उपचार थांबल्यावर आठ आठवड्यांनीही शेंगदाणा सोसला. गुण शेंगदाण्याचा. जिवाणूंमुळे उपचारातला त्रास, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांचा, कमी होत असावा, एवढीच शक्यता उरली.

आपल्याकडे यावर ‘मग रोज दही द्या की’ असा सल्ला हमखास मिळतो. घरच्या विरजणात या चाचण्यांत वापरलेले जिवाणू असतीलच असं नाही. आणि मुलाला दुधाचीच अ‍ॅलर्जी असेल, तर दह्यातही तीच प्रथिनं असतात. घरच्या घरी शेंगदाणा चारून पाहणं तर जिवावर बेतू शकतं. चाचण्यांतली मुलं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती.