न्यू हॅम्पशायरमधील शाळा-जिल्हे

शाळा-जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) म्हणजे अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. तिला स्वतःची हद्द असते, निवडून आलेले मंडळ असते आणि बहुतेक राज्यांत करातून पैसा उभारण्याचा अधिकारही असतो. देशात असे सुमारे १३,००० जिल्हे आहेत. हवाई या संपूर्ण राज्याचा मिळून एकच जिल्हा आहे, तर ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये आठशे वस्तीच्या गावाचाही स्वतंत्र जिल्हा असतो. छोट्या गावातली शाळा कोण चालवते आणि तिचा पैसा कुठून येतो, हे समजून घ्यायला न्यू हॅम्पशायरसारखे दुसरे ठिकाण नाही. तिथल्या अनेक गावांत मतदार आजही एका सभागृहात बसून शाळेचा अर्थसंकल्प हात वर करून मंजूर करतात.

अमेरिकेच्या संघीय राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे ती जबाबदारी राज्यांकडे आली आणि राज्यांनी कायदे करून ती गावांवर सोपवली. या परंपरेचे मूळ १६४७ मधल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या कायद्यात आहे. पन्नास घरांच्या गावाने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा, शंभर घरांच्या गावाने लॅटिन व्याकरणशाळा काढावी, असे त्यात म्हटले होते. न्यू हॅम्पशायरची गावे त्या काळी मॅसॅच्युसेट्सच्याच अमलाखाली होती. पुढे एकेका गावात वाडीगणिक शाळा आणि शाळेगणिक जिल्हा झाला. १८८५ च्या कायद्याने हे तुकडे मोडून प्रत्येक गावाचा एक जिल्हा केला. विसाव्या शतकात देशभर हेच घडले: १९३९-४० मध्ये अमेरिकेत १,१७,००० हून अधिक शाळा-जिल्हे होते. शाळेच्या बसगाड्या आणि मोठी हायस्कुले आली तसे ते एकमेकांत विलीन होत गेले. न्यू हॅम्पशायरच्या स्त्रियांना शाळेच्या सभेत मत देण्याचा हक्क १८७८ मध्येच मिळाला होता. देशातल्या सर्व निवडणुकांत स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० ची.

कारभार

जिल्हा कायद्याने गावापासून वेगळा असतो, दोघांची हद्द एकच असली तरी. गावाचा कारभार ‘सिलेक्ट बोर्ड’ पाहते आणि शाळेचा ‘स्कूल बोर्ड’. शाळा मंडळावर साधारण तीन ते नऊ सदस्य असतात. त्यांची मुदत बहुधा तीन वर्षांची असते आणि दरवर्षी काही जागांची निवडणूक होते, त्यामुळे सगळे मंडळ एकदम बदलत नाही. सदस्यांना मिळणारे मानधन नावापुरते असते. शेतकरी, परिचारिका, निवृत्त शिक्षक, बांधकामाचे ठेकेदार असे लोक कामावरून घरी येऊन जेवण उरकतात आणि रात्रीच्या बैठकीला बसतात. धोरण ठरवणे, सुपरिंटेंडंट (शाळांचा मुख्य प्रशासकीय अधिकारी) नेमणे, शिक्षक संघटनेशी करार करणे आणि अर्थसंकल्प मांडणे ही मंडळाची कामे. बैठका खुल्या असतात आणि इतिवृत्त पाच कामकाजाच्या दिवसांत लोकांना उपलब्ध करून द्यावे लागते.

पूर्ण वेळ सुपरिंटेंडंट ठेवणे एकट्या छोट्या गावाला परवडत नाही. म्हणून चार-दोन जिल्हे मिळून एक प्रशासकीय घटक बनवतात, त्याला ‘एसएयू’ म्हणतात. सुपरिंटेंडंट, हिशेबनीस आणि विशेष शिक्षणाचा प्रमुख यांचा खर्च या जिल्ह्यांत वाटला जातो. एकाच अधिकाऱ्याला महिन्यात चार वेगवेगळ्या मंडळांपुढे उत्तरे द्यावी लागतात. बऱ्याच गावांत हायस्कूलच नसते. तिथली मुले शेजारच्या जिल्ह्यात जातात आणि गाव दर मुलामागे ठरलेले शुल्क त्या जिल्ह्याला भरते.

या व्यवस्थेचे केंद्र आहे मार्चमधली वार्षिक सभा. तिची विषयपत्रिका, म्हणजे ‘वॉरंट’, किमान चौदा दिवस आधी चारचौघांना दिसेल अशा जागी लावावी लागते आणि वॉरंटावर नसलेल्या विषयासाठी सभेला पैसा मंजूर करता येत नाही. पंचवीस मतदारांनी सह्या केल्या तर त्यांचा प्रस्तावही त्यावर घ्यावा लागतो. सभा चालवायला निवडून आलेला मॉडरेटर असतो. पाच मतदारांनी लेखी मागणी केली की हात वर करण्याऐवजी गुप्त मतदान घ्यावे लागते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेसमोर शिक्षकांच्या पगारवाढीविरुद्ध हात वर करणे सगळ्यांना जमत नाही, तसेच करवाढीच्या बाजूने करणेही. त्यामुळे ही तरतूद फार मोलाची आहे. शिक्षकांच्या नव्या कराराचा वाढीव खर्च अर्थसंकल्पात लपवता येत नाही, तो स्वतंत्र कलम म्हणून मांडावा लागतो. मतदारांच्या हाती असतो तो एकूण आकडा. तो त्यांना वाढवता-घटवता येतो, पण त्यातला पैसा कोणत्या बाबीवर किती खर्च करायचा हे शेवटी मंडळ ठरवते.

१९९५ च्या कायद्याने दुसरा मार्ग खुला झाला. विधेयकाच्या क्रमांकावरून लोक त्याला आजही ‘एसबी टू’ म्हणतात. ज्या जिल्ह्यांनी तो स्वीकारला तिथे हिवाळ्यात चर्चेची बैठक होते आणि निर्णय मार्चमध्ये मतपेटीतून होतो. अर्थसंकल्प फेटाळला गेला तर गेल्या वर्षीच्या आकड्यात करार, कर्जाचे हप्ते वगैरे धरून बनवलेला पर्यायी अर्थसंकल्प लागू होतो. मतदानाला जास्त लोक येतात हे खरे, पण त्यातले बहुतेक चर्चेला आलेलेच नसतात. मला हे नुकसानच वाटते. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर मिळते, मतपत्रिकेवर ते मिळत नाही.

सभेला किती अधिकार असतो, हे क्रॉयडन या गावाने २०२२ मध्ये दाखवून दिले. वस्ती सुमारे आठशे. गावात लहान मुलांची जुनी एकखोली शाळा, मोठी मुले शेजारच्या गावांत. एकूण विद्यार्थी ऐंशीच्या आसपास. मंडळाने सुमारे १७ लाख डॉलरचा अर्थसंकल्प मांडला. मार्चच्या सभेला मोजकेच लोक आले होते. एका मतदाराने आयत्या वेळी तो ८ लाखांवर आणण्याची दुरुस्ती सुचवली आणि ती २० विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाली. दर मुलामागे साधारण दहा हजार डॉलर उरले. शेजारच्या जिल्ह्यांचे शुल्कच त्याहून बरेच जास्त होते. म्हणजे पालकांनी फरक खिशातून भरायचा किंवा मुलांना पडद्यावरच्या स्वस्त शिकवणीला बसवायचे. निर्णय बदलायला विशेष सभा बोलावता येत होती, पण त्या सभेला नोंदणीकृत मतदारांपैकी निम्मे हजर असणे कायद्याने बंधनकारक होते. हा आकडा होता २८३. दुरुस्तीच्या समर्थकांनी लोकांना घरीच राहा म्हणून सांगितले, कारण गणसंख्या भरली नाही तर कपात कायम राहणार होती. पालक, निवृत्त माणसे, मुले नसलेली जोडपी अशी सगळी मंडळी दारोदार फिरली. ७ मे रोजी पावणेचारशेहून अधिक मतदार आले आणि मूळ अर्थसंकल्प ३७७ विरुद्ध २ मतांनी परत मंजूर झाला. पहिल्या सभेच्या दिवशी घरी राहिलेल्यांनीच कपातीला वाट करून दिली होती आणि मे महिन्यात बरीचशी तीच माणसे येऊन उभी राहिली. खुल्या सभेची ताकद आणि तिचा धोका एकाच गावात आठ आठवड्यांच्या अंतराने दिसला.

पैसा

न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही आणि पगारावर राज्याचा प्राप्तिकरही नाही. त्यामुळे शाळेच्या खर्चाचा मोठा भाग, साठ टक्क्यांहून अधिक, घरपट्टीतून येतो. संघीय सरकारचा वाटा एकूण खर्चाच्या एक दशांशाहून कमी असतो. तो मुख्यतः १९६५ च्या कायद्याखाली गरीब मुलांसाठी, तसेच शाळेतल्या जेवणासाठी आणि अपंग मुलांच्या शिक्षणासाठी येतो. या शेवटच्या कामी जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलू, असे वॉशिंग्टनने १९७५ मध्ये म्हटले होते. इतका वाटा त्याने आजवर कधीही दिलेला नाही. याची सर्वांत मोठी झळ छोट्या गावाला बसते. गंभीर अपंगत्व असलेल्या एका मुलाला बाहेरच्या खास शाळेत ठेवावे लागले तर खर्च राज्याच्या सरासरीच्या साडेतीन पट होईपर्यंत तो जवळपास सगळा जिल्ह्यावरच पडतो. राज्याची मदत त्यानंतर सुरू होते. ऐंशी मुलांच्या गावात अशा एका प्रवेशाने घरपट्टीचा दर हलतो, आणि गाव इतके लहान की तो कोणामुळे हलला हे सगळ्यांना कळते. त्या आईवडिलांनी मार्चच्या सभेत कोणत्या मनाने बसायचे? हा खर्च राज्यभर वाटला गेला पाहिजे, यात मला काही शंका वाटत नाही.

हिशेबाची रीत साधी आहे. मंजूर खर्चातून राज्याची व संघीय मदत आणि इतर उत्पन्न वजा करायचे. उरलेली रक्कम गावातल्या एकूण मालमत्तेच्या मूल्यावर वाटायची. कराचा दर मालमत्तेच्या प्रत्येक हजार डॉलरमागे सांगतात. दर दहा डॉलर असेल तर तीन लाखांच्या घराला शाळेपोटी तीन हजार डॉलर भरावे लागतात. बिलावर चार ओळी असतात: गाव, कौंटी (अनेक गावांचा मिळून प्रशासकीय विभाग), स्थानिक शिक्षण आणि राज्य शिक्षण. त्यांत स्थानिक शिक्षणाची ओळ बहुधा सर्वांत जड असते. कर गाव गोळा करते आणि जिल्ह्याची रक्कम जिल्ह्याच्या हवाली करते. ती अडवून धरण्याचा अधिकार गावाला नाही. मतदान मार्चमध्ये, शाळेचे आर्थिक वर्ष १ जुलैपासून आणि राज्याचा महसूल विभाग दर पक्का करतो शरद ऋतूत. त्यामुळे हात वर केल्याची नेमकी किंमत माणसाला वर्षाच्या शेवटी कळते.

महाराष्ट्रात नगरपालिका क्षेत्रातल्या घरपट्टीच्या बिलावरही शिक्षण कराची ओळ असते. हा कर १९६२ च्या राज्य कायद्याने आला. पण तो राज्याच्या तिजोरीत जातो, शिक्षकांचे पगार राज्य देते आणि गावकऱ्यांचे त्यावर मत घेतले जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, पण करावर त्यांचा अधिकार नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ही व्यवस्था चांगली ठाऊक असते. न्यू जर्सीत घर बघताना ‘डिस्ट्रिक्ट कुठला?’ हा प्रश्न आधी येतो. चांगल्या शाळा असल्या की घरांच्या किमती चढतात, किमती चढल्या की कमी दरातही जास्त कर जमतो आणि शाळा आणखी सुधारतात. गरीब गावात हेच चाक उलटे फिरते.

क्लेअरमाँटचा खटला

हे उलटे चाक न्यायालयात नेले ते पाच जिल्ह्यांनी: क्लेअरमाँट, अ‍ॅलन्सटाउन, फ्रँकलिन, लिस्बन आणि पिट्सफील्ड. गिरण्या बंद पडत गेलेली क्लेअरमाँटसारखी गावे आणि मालमत्तेचे मूल्य कमी असलेली खेडी यांत होती. संघीय सर्वोच्च न्यायालयाचे दार १९७३ मध्येच बंद झाले होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्रकरणात त्या न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की शिक्षण हा संघीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. म्हणून लढाई राज्यघटनांच्या आधारे लढावी लागली. न्यू हॅम्पशायरच्या १७८४ च्या घटनेत एक कलम आहे: विद्या, शास्त्रे आणि सार्वजनिक शाळा यांचे जतन करणे हे शासनाचे कर्तव्य. या कलमावर बोट ठेवून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निर्णय दिला की पुरेसे शिक्षण आणि त्यासाठी लागणारा पैसा पुरवण्याची जबाबदारी राज्याची आहे.

डिसेंबर १९९७ चा दुसरा निर्णय कराबद्दल होता. न्यायालयाने त्यात १९९४-९५ चे आकडे शेजारी शेजारी ठेवले. पिट्सफील्डमध्ये शाळेचा दर हजारी २५.२६ डॉलर होता आणि मोल्टनबरोमध्ये ५.५६. मोल्टनबरो हे विनिपसॉकी सरोवराच्या काठावरचे गाव. तिथे श्रीमंतांची उन्हाळी घरे आहेत. ती मंडळी कर भरतात, पण त्यांची मुले गावच्या शाळेत येत नाहीत. म्हणजे पिट्सफील्डचा कामगार आपल्या घराच्या किमतीच्या मानाने चौपटीहून जास्त कर भरत होता. राज्याचे कर्तव्य पार पाडायला लागणारा कर हा राज्याचाच कर ठरतो आणि तो सर्वत्र एकाच दराने लागला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ‘स्थानिक नियंत्रण’ हा शब्द तिथल्या राजकारणात मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. तो अभिमान रास्तही आहे. पण ज्याच्याकडे कर लावण्यासारखी मालमत्ताच नाही त्या गावाच्या हाती नियंत्रण देऊन राज्याने मोकळे व्हावे, हे अन्यायाचे होते आणि न्यायालयाने ते स्पष्ट सांगितले.

उत्तर म्हणून १९९९ मध्ये राज्यव्यापी शिक्षण-मालमत्ता कर आला. श्रीमंत गावांना या करातून गरजेहून जास्त जमलेली शिल्लक राज्याकडे द्यावी लागे. त्यांना ‘देणगीदार गावे’ म्हणत आणि त्यांचा विरोध कडवा होता. २०११ च्या बदलानंतर ही शिल्लक त्यांच्याकडेच राहू लागली. प्रत्येक मुलामागे राज्य देत असलेली पायाभूत रक्कम २०२३ पर्यंत सुमारे ४,१०० डॉलर झाली होती, तर प्रत्यक्ष सरासरी खर्च वीस हजार डॉलरच्या आसपास होता. कॉन्टुकूक व्हॅली जिल्ह्याने २०१९ मध्ये पुन्हा दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने २०२३ मध्ये ही रक्कम किमान ७,३५६ डॉलर असावी असे ठरवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सध्याची रक्कम घटनाबाह्य असल्याचा निष्कर्ष मान्य केला, पण वाढीव पैसा ताबडतोब देण्याचा आदेश उठवला. रक्कम कशी आणि कधी वाढवायची हा निर्णय विधिमंडळावर सोपवला गेला.