चार मीटरच्या आतली सेडान

भारतात 'कॉम्पॅक्ट सेडान' म्हणतात ती चार मीटरच्या आत बसणारी आणि मागे स्वतंत्र डिक्की असणारी मोटार. मारुती सुझुकी डिझायर, होंडा अमेझ, ह्युंदाई ऑरा आणि टाटा टिगोर या तिच्यातल्या प्रमुख गाड्या. 'सेडान' हा शब्द शोरूममधला. घरात बोलताना ती 'डिक्कीवाली गाडी' असते, आणि हेच नाव जास्त नेमके आहे. तिचा घाट, तिची किंमत आणि मालकांच्या कुरबुरी फिरून डिक्कीपाशीच येतात.

हा प्रकार घडवला तो कराने. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान म्हणजे लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. हॅचबॅक, म्हणजे मागे स्वतंत्र डिक्की नसलेल्या गाड्या या चौकटीत सहज बसल्या, सेडान बाहेर राहिल्या. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगोची शेपटी छाटून ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस आणली आणि वाट दाखवली. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली स्विफ्ट डिझायर मात्र ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये दुसऱ्या पिढीची डिझायर ३,९९५ मिलिमीटरवर आली. १६५ मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही, पण ती सगळी मागून गेली: डिक्की ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर. दिसायलाही गाडी मागून तुटल्यासारखी वाटे. २०१७ च्या पिढीत कंपनीने डिक्की ३७८ लिटरपर्यंत परत आणली आणि नावातले 'स्विफ्ट' काढले; नोव्हेंबर २०२४ च्या चौथ्या पिढीत ती ३८२ लिटर आहे. म्हणजे लांबी तीच ठेवून जागा कशी काढायची, हे शिकायला बरीच वर्षे गेली.

डिझायरच्या यशामागे इतरही आले. अमेझ २०१३ मध्ये आली, ह्युंदाई एक्सेंट आणि टाटा झेस्ट २०१४ मध्ये, फोर्ड फिगो ॲस्पायर २०१५ मध्ये. फोक्सवॅगनने तर खास भारतासाठी चाकणच्या कारखान्यात अमिओ बनवली. यांतल्या बऱ्याच आता नाहीत. त्याच चार मीटरच्या सवलतीत ब्रेझा, नेक्सॉन, पंच अशा उंच गाड्या बसू लागल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल इंजिनेही या वर्गातून हळूहळू हद्दपार झाली. महामार्गावर रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्यांना त्यांची उणीव अजून जाणवते.

किमतीबद्दल बोलताना पहिला गोंधळ होतो तो एक्स-शोरूम आणि ऑन-रोड या दोन आकड्यांत. जाहिरातीत एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत असते, तर खिशातून वाहनकर-विम्यासकटची ऑन-रोड जाते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे. सात लाखांच्या गाडीवर तो ७७ हजार होतो. त्यावर विमा, ज्यात तिसऱ्या पक्षाचे संरक्षण (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) नव्या गाडीला तीन वर्षांचे एकदम घ्यावे लागते. शिवाय पासिंगचा खर्च आणि फास्टॅग. हिशेब आठ लाखांच्या घरात जातो. शोरूममधून मिळणाऱ्या कोटेशनच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, 'हँडलिंग' अशा ओळी असतात. त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून हे सक्तीचे आहे का, असे विचारावे. कर आणि तिसऱ्या पक्षाचा विमा टाळता येत नाही. मॅट, सीट कव्हर आणि कोटिंग टळते. विमाही शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्या स्वस्त झाल्या. १२०० सीसीपर्यंतच्या लहान पेट्रोल गाडीवर त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. आता एकूण १८ टक्के आहे. शंभर रुपयांच्या मूळ किमतीला १२९ रुपयांऐवजी ११८ रुपये, म्हणजे साधारण साडेआठ टक्के घट. २०२४ च्या शेवटी ६ लाख ७९ हजारांपासून बाजारात आलेली डिझायर त्यामुळे सव्वासहा लाखांच्या आसपास सुरू झाली. एक्स-शोरूम किंमत उतरली की वाहनकरही त्या प्रमाणात उतरतो, हा दुहेरी फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही.

सीएनजीचा हिशेब वेगळा करावा लागतो. त्याच प्रकारच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझायर सीएनजी सुमारे ९० हजारांनी महाग पडते. पण महाराष्ट्रात सीएनजी गाडीवरचा वाहनकर कमी आहे: दहा लाखांपर्यंत आधी ७ टक्के होता, जुलै २०२५ पासून ८ टक्के. सात लाखांच्या पेट्रोल गाडीवर ७७ हजार कर, तर ७ लाख ९० हजारांच्या सीएनजीवर ६३ हजार. चौदा हजार इथेच परत आले. कंपनी डिझायरसाठी पेट्रोलवर लिटरला २४.७९ किलोमीटर आणि सीएनजीवर किलोला ३३.७३ किलोमीटर ॲव्हरेज सांगते. शहरातल्या गर्दीत दोन्ही आकडे बरेच खाली येतात. रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणाऱ्याला सीएनजी परवडते. रविवारी देवळात आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते, कारण किंमत फक्त पैशांत मोजली जात नाही. डिक्की उघडली की समोर गॅसची आडवी टाकी, आणि तिच्या पुढे उरलेल्या फटीत जेमतेम दोन बॅगा. गणपतीला कोकणात निघालेले कुटुंब मग मखराचे सामान पुढच्या सीटवर घेऊन बसते. टिगोरमध्ये २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिक्कीच्या तळाशी बसवलेल्या आहेत. या वर्गात अलीकडे झालेली ही सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणता येईल.

मालक काय म्हणतात? डिझायरवाले ॲव्हरेज, गावोगावी मिळणारी सर्व्हिस आणि रिसेल या तीन गोष्टींवर खूष असतात. पूर्वी पत्रा पातळ असल्याचा टोमणा त्यांना ऐकावा लागे. २०२४ च्या पिढीला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाल्यावर तो थांबला. टिगोरला २०२० मध्येच चार तारे मिळाले होते, आणि टाटाचे मालक ते अभिमानाने सांगतात. नव्या डिझायरचे इंजिन तीन सिलिंडरचे झाले आहे; जुनी चार सिलिंडरची चालवलेल्यांना सिग्नलला उभे असताना थरथर जाणवते. अमेझ आणि ऑरामध्ये चार सिलिंडर आहेत, आणि शांत इंजिन हवे असणारे तिकडे झुकतात. अमेझची डिक्कीही मोठी, ४१६ लिटरची.

एक तक्रार मात्र सगळ्यांची सारखी. पाच माणसे आणि सामान भरले की सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरला गाडी खालून घासते. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतले अंतर, १६३ मिलिमीटर आहे, तोही रिकामी असताना. मागच्या सीटवर मधल्या माणसाचे हाल होतात. आणि पिवळ्या पाटीच्या टूर गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत की पांढऱ्या रंगाची डिझायर घेतली तर शेजारी 'टॅक्सीला लावणार का?' असे विचारतातच. म्हणून पुष्कळ कुटुंबे मुद्दाम दुसरा रंग निवडतात.