तांबडा भोपळा (परड्यातील गावरान वाण)

तांबडा भोपळा : (लाल भोपळा, काशीफळ, डांगर; लॅ. कुकर्बिटा मॉस्काटा, कुल–कुकर्बिटेसी). जमिनीवर किंवा मांडवावर पसरणारा वर्षायू वेल. दुध्याप्रमाणे कोवळा न तोडता तो पूर्ण जून झाल्यावर काढतात. साल कठीण झालेले फळ देठासकट कोरड्या जागी ठेवल्यास काही महिने टिकते. येथे कोल्हापूर भागात घरच्या बियांवर परड्यात घेतल्या जाणाऱ्या वाणांचाच विचार केला आहे.

मूलस्थान : संस्कृत ग्रंथांतील ‘कूष्मांड’ म्हणजे हाच भोपळा, असे पूर्वी अनेकदा लिहिले गेले. कूष्मांड म्हणजे कोहळा (बेनिन्कासा हिस्पिडा) हे मत अधिक ग्राह्य आहे, कारण कुकर्बिटा प्रजातीच्या वन्य जाती फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. मेक्सिकोतील वाहाका राज्यातल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या लागवडीच्या बिया सु. १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. मात्र त्या कु. पेपो या जातीच्या असल्याने मॉस्काटाचा काळ त्यावरून ठरवता येत नाही. मॉस्काटाचे मूलस्थान काही अभ्यासक मध्य अमेरिकेत, तर काही उत्तर कोलंबियाच्या सखल प्रदेशात मानतात. दुसऱ्या मताकडे कल वाढलेला दिसतो. भारतात तो सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर, बहुधा पोर्तुगीजांमार्फत आला असावा.

जात ओळखण्यास फळाच्या रंगापेक्षा देठ भरवशाचा. मॉस्काटाचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा व फळाला चिकटतो तेथे पसरट असतो, तर कु. मॅक्झिमा या भोपळ्याच्या दुसऱ्या जातीचा गोल, जाड व बुचासारखा मऊ.

लागवड : मिरगाच्या पावसावर शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन बिया टोकतात, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला वेलही राखतात. गगनबावड्याकडील मुसळधार पावसात परागकण धुपतात व जमिनीला टेकलेली फळे कुजतात. फळाखाली उसाचे पाचट घालण्याचा उपाय सोपा आहे. शिरोळकडे पाऊस पुष्कळ कमी. फळमाशी, लाल भुंगेरे व भुरी (पानांवर पांढरी बुरशी येणारा रोग) यांचा उपद्रव सर्वत्र होतो.

बी राखणे : नर व मादी फुले एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात, नर फुले आधी दिसतात. फुले पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात व परागण मधमाश्या करतात. वाण शुद्ध राखायचा तर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधतात, सकाळी नर फुलाचे पराग मादी फुलाला लावतात व मादी फूल पुन्हा बांधून फळाला खूण करतात. शेजारच्या दुधी-दोडक्यामुळे भोपळ्याचे बी बिघडते ही समजूत निराधार आहे. त्यांच्या प्रजातीच निराळ्या. संकर झालाच तरी त्या वर्षीच्या फळाचा गर बदलत नाही, फरक पुढच्या पिढीत दिसतो. बियांसाठी ठेवलेले फळ तोडल्यावर काही आठवडे तसेच मुरू देतात.

घारगे व भाजी हे उपयोग सर्वपरिचित आहेत.

सुधारित वाणांपैकी ‘अर्का चंदन’ मॉस्काटा जातीचा, तर ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्झिमा जातीचा. गावरान वेलाशी पहिल्याचा संकर सहज होतो, दुसऱ्याचा क्वचितच.