नॉक सेन्सरचा कोड आला, पण दोष कुणाचा?

गोव्याहून चोर्ला घाट चढताना पेट्रोल गाडी ओढेनाशी होते, डॅशबोर्डवर चेक लाइट पेटलेली असते. बेळगावात स्कॅनर लावला की पी ०३२५ कोड दिसतो आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. पण हा कोड नॉक सेन्सरच्या सर्किटचा आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशीच तार, कप्लर (तारा जोडणारा प्लग) आणि इंजिनचा संगणकही. पी ०३२७ असेल तर सिग्नल कमी, ०३२८ असेल तर जास्त.

ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. त्या दणक्यानं इंजिनचा ब्लॉक साधारण ५ ते १५ हजार हर्ट्‌झनं थरथरतो. ब्लॉकवर बोल्टनं बसवलेल्या सेन्सरमधला पिझो स्फटिक त्या थरथरीतून काही मिलिव्होल्ट वीज तयार करतो, आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो. सिग्नलच बिघडला तर संगणक धोका पत्करत नाही, ठिणगी कायमची मागे ठेवतो. पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं.

तपासणी डोळ्यांनी सुरू करावी. खानापूर-कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीच्या कप्लरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. उसाच्या रानाजवळ शेडमध्ये उभ्या गाडीची तार उंदीर कुरतडतात.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून सेन्सरचा कप्लर सोडवा आणि मल्टिमीटरनं सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. इथंच सगळ्यात जास्त चांगले सेन्सर भंगारात जातात. कारण आत रेझिस्टर नसलेल्या सेन्सरचा रोध १ मेगओहमच्या वर असतो. मीटर ‘ओपन’ (जोडणी तुटलेली) दाखवतो आणि सेन्सर मेला असं ठरतं. आत रेझिस्टर असेल तर १०० किलोओहमपासून काहीशे किलोओहमपर्यंत आकडा येतो, म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल बघावंच. शून्याजवळचा आकडा मात्र शॉर्ट. प्रोबची धातूची टोकं बोटांनी धरू नका, अंगाचा रोध आकड्यात मिसळतो.

पुढं मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरजवळच्या ब्लॉकवर छोट्या पान्यानं हलकेच टकटक करा. सेन्सरवर मारू नका. आकडा उडाला तर स्फटिक जिवंत आहे. स्वस्त मीटर हा झटका पकडेलच असं नाही, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप उत्तम.

तारेसाठी संगणकाकडचा कप्लरही काढावा लागतो. प्रत्येक तारेचा रोध १-२ ओहमच्या आत हवा, एकमेकींशी आणि बॉडीशी संपर्क नको. मोजताना तार हलवत राहा, आत तुटलेली तार हलवल्यावरच सापडते. तारेभोवतीची, बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडलेली असते. साधी तार जोडून टेप गुंडाळली की जाळी तुटते आणि इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये घुसतो. सेन्सर नवा, कोड जुनाच!

सेन्सर बदलायचाच झाला तर ब्लॉकवरची बैठक गंज-रंग काढून साफ करा. मधे वॉशर नको. एम८ बोल्ट बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरवर बसतो, तोही टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं. हाताच्या अंदाजानं जास्त आवळला किंवा सैल राहिला, तर चांगल्या सेन्सरलाही नीट ऐकू येत नाही.